कमरेपासून वरची बाई

खेळ संपला, दिवे लागले आणि पडद्यासमोर दोन खुर्च्या आणून ठेवल्या गेल्या. एका खुर्चीवर दिग्दर्शक बसला, दुसरीवर चित्रपटाची नायिका. दहा मिनिटांपूर्वी आम्ही तिला एका ओसाड घरात, भिंतीला पाठ लावून थरथरताना पाहिलं होतं. आता ती पाण्याची बाटली मांडीवर धरून समोर बसली होती आणि एसीच्या गारठ्यानं अंग चोरत होती. चित्रपट फिलिपिनी भयपट होता, महोत्सव आपल्याकडचाच. प्रश्नोत्तरं सुरू झाली. दिग्दर्शकाला लोकांनी कॅमेरा विचारला, बजेट विचारलं, सेन्सॉर विचारलं, जपानी भयपटांचा प्रभाव विचारला. नायिकेच्या वाट्याला एकच प्रश्न आला: शूटिंगच्या वेळी तुम्हाला कधी खरंच भूत दिसलं का? सभागृह हसलं, तीही हसली. मग तिनं माईक जवळ ओढला आणि जरा गंभीर होऊन काहीतरी सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात पुढच्या खेळाची वेळ झाली. स्वयंसेवकानं मागून हात दाखवला, टाळ्या पडल्या आणि ती वाक्य अर्धवट टाकून उठली.

त्या अर्धवट वाक्यानं माझा पिच्छा सोडला नाही. फिलिपिनी भयपटांबद्दल मिळेल ते वाचू लागलो तेव्हा ध्यानात आलं की लिखाणातही तोच प्रकार आहे. दिग्दर्शकांवर रकाने भरलेले आणि नायिकेला एक ओळ, तीही ‘किंचाळते छान’ अशा अर्थाची. खरं तर या सिनेमाच्या शंभर वर्षांच्या वाटचालीत भूत बहुतेकदा बाई आहे, भुतानं पछाडलेली बाई आहे आणि भुताशी शेवटी दोन हात करणारीही बाईच आहे. बाईच्या अंगावर घडणारा हा सगळा इतिहास फक्त कॅमेऱ्यामागच्या पुरुषाच्या तोंडून ऐकायचा, हे मला पटेना. म्हणून या संग्रहातले लेख दिग्दर्शक आणि नायिका अशा जोडीनं चित्रपट वाचतात.

मुळात मराठी वाचकाला फिलिपिन्समधली भुतं कशाला हवीत, असं कुणी म्हणेल. आमच्या कोकणातल्या घरांना हा प्रश्न पडत नाही. बोटीवर नोकरीला गेलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी फिलिपिनी सोबती भेटलेला असतो. जगातल्या खलाशांमध्ये त्यांची संख्याच तेवढी आहे. माझा मामेभाऊ सुट्टीवर आला की त्यांच्या गोष्टी सांगायचा. रानातून जाताना, अनोळखी झाडाखाली लघवीला बसताना ‘ताबी-ताबी पो’ म्हणायचं. म्हणजे जरा बाजूला व्हा हो, मी जातोय. ‘पो’ हा आपल्या ‘अहो’सारखा आदराचा शब्द. झाडाशी अहो-जाहो करणारी ही माणसं राखणदाराला गाऱ्हाणं घालणाऱ्या आमच्या आजोबांना परकी वाटली नसती.

मात्र सारखेपणा फार ताणू नये. आपली हडळ काय, अळवंतीण काय, या मेलेल्या बायका. बाळंतपणात गेलेल्या, इच्छा अपुरी राहिलेल्या. फिलिपिन्सची सर्वांत गाजलेली भयआकृती, मनानांगल, मेलेली नाही. ती जिवंत आहे, शेजारी राहते, दिवसा बाजारात भेटते. रात्र झाली की तिचं शरीर कमरेत तुटतं. वरचा भाग वटवाघळाचे पंख काढून उडतो, कुणाच्या तरी छपरावर बसतो आणि दोऱ्यासारखी लांब जीभ खाली सोडून झोपलेल्या गरोदर बाईच्या पोटातला गर्भ शोषतो. खालचा भाग मागं उभा राहतो, तसाच, वाट पाहत. त्या तुटल्या कमरेवर कुणी मीठ, राख किंवा लसूण घातली तर वरच्या भागाला पुन्हा जुळता येत नाही आणि उजाडताच ती मरते. नावच मुळी ‘तांगाल’ म्हणजे वेगळं करणं, काढणं या शब्दावरून आलेलं आहे. आपल्याकडे तिच्या जवळ जाणारी एकच आहे, सातपुड्यातली ‘डाकीण’ ठरवलेली बाई. तीही जिवंत असते, शेजारीण असते, आणि तिचं काय होतं ते २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा का करावा लागला हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको.

मनानांगल ज्या मोठ्या कुळातली आहे त्याला ‘आस्वांग’ म्हणतात. मॅक्सिमो रामोस या लोकसाहित्याच्या अभ्यासकानं १९७१ मध्ये फिलिपिनी भुताखेतांवर ग्रंथ लिहिला. त्यानं आस्वांगचे पाच प्रकार लावले: रक्त पिणारा, आतडी-गर्भ शोषणारा, कुत्र्यासारख्या जनावराचं रूप घेणारा, चेटूक करणारा आणि प्रेतं खाणारा. खेड्यातल्या माणसाला ही वर्गवारी लागत नाही. त्याच्या दृष्टीनं सगळ्यांचं घर पनाय बेटावरच्या कापिस प्रांतात. कापिसच्या लोकांना देशभर त्यावरून टोमणे खावे लागतात. बाकीची मंडळीही मजेदार आहेत. घोड्याच्या तोंडाचा, वाटसरूला चकवा लावणारा तिकबालांग; त्याच्या तावडीतून सुटायचं तर अंगातला सदरा उलटा घालायचा. झाडावर बसून चिरूट ओढणारा धिप्पाड कापरे. हे नाव अरबी ‘काफिर’ स्पॅनिश तोंडातून फिरून आलं. बाप्तिस्मा न होता मेलेल्या अर्भकाचा तियानाक. एका नावात अरबस्तान, दुसऱ्यात चर्च, असा या भुतांचा प्रवास आहे.

या भुतांच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी एक एका पाद्र्याची आहे. १५८९ मध्ये हुआन दे प्लासेंसिया या फ्रान्सिस्कन मिशनऱ्यानं तागालोग लोकांच्या चालीरीती लिहून काढल्या, त्यात सैतानाचे सेवक म्हणून एक यादी दिली. ‘ओसुआंग’ आणि ‘मागतातांगाल’ त्या यादीत आहेत आणि त्याच पंगतीला स्थानिक देवऋषीही बसवलेले आहेत. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी बेटांवर बाबायलान असत, पूजा करणाऱ्या, आजार काढणाऱ्या, बहुधा बायका. कालची वैदू-पुजारीण आज गर्भ खाणारी कशी झाली, हा प्रश्न अनेक अभ्यासकांनी विचारला आहे. मला त्यांचं म्हणणं बरंचसं पटतं. मिशनऱ्यांनी आस्वांग शून्यातून घडवला असं मात्र मी म्हणणार नाही. शेजारणीची भीती माणसाला शिकवायला परदेशातून कुणी यावं लागत नाही.

पुढे अमेरिकेनं तर या भीतीचं हत्यार केलं. १९५० च्या दशकात हुक म्हणवणाऱ्या शेतकरी बंडखोरांविरुद्धच्या मोहिमेत अमेरिकी अधिकारी एडवर्ड लॅन्सडेल सल्लागार होता. त्यानं आठवणींत एक प्रकार नोंदवला आहे. आधी गावात अफवा सोडली की टेकडीवर आस्वांग राहतो. मग रात्री गस्तीवरच्या बंडखोरांपैकी शेवटच्या माणसाला गुपचूप पकडलं, मानेवर दोन छिद्रं पाडली, उलटं टांगून रक्त काढलं आणि प्रेत परत वाटेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी बंडखोरांनी टेकडी सोडली. फिलिपिनी भयपटात राजकारण ओढून आणलंय अशी तक्रार कुणी केली, की मला ही टेकडी आठवते.

आता सिनेमा. होसे नेपोमुसेनो या फिलिपिनी चित्रपटाच्या आद्य पुरुषानं १९२७ मध्ये ‘आंग मनानांगल’ हा मूकपट काढला. देशाचा पहिला भयपट तोच धरतात. तो आज पाहता येत नाही. युद्धात मनिला बेचिराख झाली, फिल्मा उष्ण-दमट हवेत कुजल्या, आणि युद्धापूर्वीच्या शेकडो चित्रपटांतले बोटांवर मोजण्याइतकेच उरले. म्हणजे या परंपरेचं पहिलंच भूत फक्त ऐकीव आहे. ती भूमिका केलेल्या बाईच्या चेहऱ्यावर काय होतं, ते आता कुणीच सांगू शकत नाही.

युद्धानंतर भयपट निर्यातीचा माल झाला. हेरार्दो दे लेऑन हा शिक्षणानं डॉक्टर. त्यानं १९५९ मध्ये ‘टेरर इज अ मॅन’ हा बेटावरच्या वेड्या शास्त्रज्ञाचा चित्रपट केला. १९६४ च्या त्याच्या ‘कुलाय दुगो आंग गाबी’ या रक्तपिपासूंच्या कथेसाठी रंगीत फिल्म पुरेशी नव्हती, म्हणून काही प्रसंग रंगीत आणि काही कृष्णधवल चित्रित करून लाल-निळ्या छटांत रंगवले. काटकसरीतून आलेली ती लाल रात्र आजही पडद्यावर भिववते. मग एडी रोमेरोबरोबर ‘ब्लड आयलंड’ची मालिका आली: अमेरिकी नायक, अमेरिकी वितरक, फिलिपिनी जंगल. १९६९ च्या ‘मॅड डॉक्टर ऑफ ब्लड आयलंड’च्या वेळी अमेरिकेतल्या प्रेक्षकांना हिरवं ‘रक्त’ प्यायला देऊन शपथ घ्यायला लावत. पुढे दोघांनाही राष्ट्रीय कलावंत हा देशाचा कलेतला सर्वोच्च मान मिळाला, अर्थात तो या चित्रपटांसाठी नाही. या टप्प्यावर मी फार थांबणार नाही. त्यात गंमत आहे, कारागिरी आहे; बायकांना मात्र राक्षसासमोर ठेवलेल्या नैवेद्यापलीकडे काम नाही.

बदल झाला तो हुकूमशाहीच्या काळात, आणि हा योगायोग नसावा. सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोसनी मार्शल लॉ पुकारला. उघड बोलण्याची सोय उरली नाही तेव्हा भुतं जंगलातून उठून घरात आली. सेल्सो आद. कास्तियो यांच्या १९७४ च्या ‘पातायिन मो सा सिंदाक सी बार्बारा’मध्ये सुसान रोसेस या लाडक्या, सोज्वळ प्रतिमेच्या तारकेच्या मागे तिच्या सख्ख्या बहिणीचंच भूत लागतं. दोन वर्षांनी माईक दे लेऑनचा ‘इतिम’ आला. इतिम म्हणजे काळा. छायाचित्रकार मुलगा ईस्टरपूर्वीच्या पवित्र आठवड्यात गावच्या जुन्या घरी येतो. बाप डॉक्टर, आता लुळा पडून खुर्चीला खिळलेला, बोलू न शकणारा. बाहेर मिरवणुका, अंगावर कोरडे ओढणारे भक्त, मरणाचा शोक. मुलाला भेटलेल्या तेरेसाच्या अंगात तिच्या बेपत्ता बहिणीचा, रोसाचा आत्मा येतो आणि डॉक्टरनं केलेल्या गर्भपातात ती कशी मेली हे तिच्या तोंडून बाहेर पडतं. तेरेसा झाली होती चारो सांतोस, पहिल्याच चित्रपटात. त्या प्रसंगात भुताचं सामान काहीच नाही. एक मुलगी खुर्चीवर बसली आहे आणि आवाज बदलतो आहे, इतकंच. ‘इतिम’ २०२२ मध्ये नव्यानं दुरुस्त होऊन कानच्या महोत्सवात अभिजात चित्रपटांच्या विभागात दाखवला गेला. दे लेऑन २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले.

चारो सांतोसच्या कारकिर्दीवरच या परंपरेचा अर्धा इतिहास लिहिता येईल. १९८१ मध्ये दे लेऑनच्याच ‘किसापमाता’त ती निवृत्त पोलिसाची मुलगी होती, बाप तिला लग्नानंतरही घराबाहेर पडू देत नाही. त्यात भूत नाही, तरी भयपटांच्या यादीतून तो वगळायला माझा हात धजावत नाही. मग ती देशातल्या सर्वांत मोठ्या दूरचित्रवाहिनीची प्रमुख झाली. आणि मिखाइल रेडच्या ‘ईरी’मध्ये ती परतली ते मुलींच्या कॅथलिक शाळेची करडी मुख्य सिस्टर म्हणून. तरुणपणी जिच्या तोंडून मेलेली बोलत होती, तीच आता मेलेलीचं तोंड दाबणारी संस्था झाली. हे दिग्दर्शकाच्या डोक्यात होतं की नाही, मला ठाऊक नाही. प्रेक्षकाच्या डोक्यात येतंच.

मनिलामधली एक चित्रपटाची वास्तूच झपाटलेली आहे, ती इथं सांगितलीच पाहिजे. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्दा मार्कोसना आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी मनिला फिल्म सेंटर घाईघाईनं हवं होतं. १७ नोव्हेंबर १९८१ च्या पहाटे बांधकामाची परांची कोसळली, कामगार ओल्या सिमेंटमध्ये गाडले गेले. किती मेले यावर आजतागायत एकमत नाही, पण जानेवारी १९८२ मध्ये महोत्सव ठरल्याप्रमाणे झाला. ती इमारत झपाटलेली आहे असं मनिलाचे टॅक्सीवालेसुद्धा सांगतात. आकडा लपवला गेला की भुतं वाढतात, एवढंच माझं निरीक्षण.

१९८४ च्या ‘शेक, रॅटल अँड रोल’नं हे सगळं जत्रेत आणलं. तीन गोष्टी, तीन दिग्दर्शक. इश्माएल बेर्नालच्या गोष्टीत बायकांना गिळणारा फ्रिज आहे. अमेरिकी सुखवस्तूपणाचं ते पांढरंशुभ्र स्मारक स्वयंपाकघरात उभं राहून घुरघुरतं. पेके गायागाच्या गोष्टीत मनानांगल आहे, आणि तिला ज्यांनी लहानपणी पाहिलं ते आजही छपराकडे बघत झोपतात. या मालिकेचा सोळावा भाग २०२३ मध्ये आला. मनिलाच्या नाताळ महोत्सवात, २५ डिसेंबरपासून चित्रपटगृहांत फक्त देशी चित्रपट लागतात, तिथं तिचा हक्काचा मुक्काम. नाताळचं जेवण झालं की सहकुटुंब भुतं बघायला जायचं! हसू नका. फराळाच्या ताटाशेजारी ‘नवल’चा दिवाळी अंक उघडून धारप-मतकरी वाचणारे आपणच होतो.

गायागा आणि लोरे रेयेस यांचा ‘तियानाक’ १९८८ चा. गर्भ गमावलेली बाई रानात सापडलेलं बाळ आपलंसं करते आणि ते बाळ माणसं खातं. बाहुली आज पाहिली तर हसू येतं. हसू येत नाही ते जानिस दे बेलेनच्या चेहऱ्याकडे पाहून, कारण तिला ते बाळ हवं आहे, काहीही असलं तरी हवं आहे. लोकांनी त्या राक्षसाला नाव ठेवलं ‘जानिसचं पोर’. दिग्दर्शकाचं नाही, नायिकेचं. प्रेक्षकांना जे सहज कळलं होतं ते टीकाकारांना कळायला वेळ लागला.

नव्या शतकात जपानी लाटेचे लांब केस इथंही आले, पण टिकले ते देशी शकुन-अपशकुन. चितो रोन्योच्या ‘फेंग शुई’त (२००४) क्रिस आकिनोला बसमध्ये आठकोनी आरसा सापडतो, तो घराला भरभराट देतो आणि त्यात डोकावणाऱ्याचा, त्याच्या चिनी जन्मवर्षाच्या प्राण्याशी धागा जुळेल अशा रीतीनं, बळी घेतो. ‘सुकोब’चा (२००६) नियम मराठी घराला तोंडपाठ आहे: सख्ख्या भावंडांची लग्नं एकाच वर्षात करू नयेत, घरात मृत्यू झाला असेल तर वर्षभर थांबावं. दोन अनोळखी नवऱ्या मुलींना हा शाप का लागतो, याचं उत्तर त्यांच्या बापाच्या दुसऱ्या संसारात आहे. पुन्हा घरच. याम लारानासच्या ‘सिगाव’मध्ये भिंतीपलीकडे नवरा बायकोला मारतो आणि शेजारी ऐकून गप्प बसतात, हॉलिवूडनं तो विकत घेतला आणि नवी आवृत्ती त्याच्याकडूनच करवून घेतली. डिजिटल कॅमेऱ्यानं मनिलाबाहेरची दारं उघडली. रिचर्ड सोमेसचा ‘यांगाव’ (२००८) तागालोगमध्ये नाही, हिलिगायनोनमध्ये बोलतो. आजारी मुलगी घरी परतते, हळूहळू आस्वांग होते आणि बाप तिला लपवतो, जगवतो. गावकरी काय म्हणतील आणि लेकीला काय खायला घालू, या दोन प्रश्नांमध्ये तो बाप पिळून निघतो. या संग्रहातला माझा सर्वांत आवडता लेख त्यावर आहे, हे संपादकानं सांगू नये, तरी सांगतो.

आणि मग त्या कमरेत तुटलेल्या बाईकडे परत यावं लागतं. सुमारे १ कोटी फिलिपिनी देशाबाहेर आहेत. त्यांत आया, परिचारिका, घरकामगार बायकांचा मोठा वाटा. हात आणि तोंड दुबईत, हाँगकाँगमध्ये. पाय गावातल्या घरात, पोरांजवळ, वाट पाहत. हे रूपक कुणा दिग्दर्शकानं फलकावर लिहिलेलं नाही, ते माझं आहे आणि चुकीचं असेल तर दोषही माझा. पण ‘नोसेबो’ (२०२२) पाहताना ते मनातून जात नाही. दिग्दर्शक आयरिश, लॉर्कन फिनेगन. नायिका चाय फोनासिएर. श्रीमंत फॅशन डिझायनर बाईच्या डब्लिनमधल्या घरात सेबूची एक बाई मदतनीस म्हणून दाखल होते. औषधपाणी करते, मालकिणीचा विश्वास मिळवते. तिच्यामागे कपड्यांच्या कारखान्यातली आग आहे. त्याच वर्षी नाताळात गाजलेल्या ‘डिलीटर’मध्ये नादीन लुस्त्रे समाजमाध्यमांवरचे हिंसक व्हिडिओ बघून पुसण्याची नोकरी करते. जगाची घाण मनिलाच्या काळोख्या कचेरीत रात्रपाळीला निवडली जाते, ही वस्तुस्थिती आहे. भूत त्यात नंतर येतं. केनेथ दागातानचा ‘इन माय मदर्स स्किन’ (२०२३) १९४५ मध्ये जातो, युद्ध, उपासमार आणि आजारी आई. मदतीला येणारी परी चर्चमधल्या मूर्तीसारखी सोन्यानं मढलेली. मदत कसली, ते कळतंच.

एका चित्रपटाला या पुस्तकात मुद्दाम जागा दिली आहे, जरी तो कथापट नाही. आलिक्स आयन आरुम्पाक या दिग्दर्शिकेच्या २०१९ च्या माहितीपटाचं नाव आहे ‘आस्वांग’. विषय तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेतल्या रात्रीच्या हत्या. गल्लीतला एक लहान मुलगा कॅमेऱ्याबरोबर फिरतो, आणि रस्त्यावर प्रेतं पडतात. दुतेर्तेंना मार्च २०२५ मध्ये अटक होऊन हेगच्या न्यायालयात नेलं गेलं. आता माहितीपटाला नायिका नसते, असा आक्षेप एका लेखकमित्रानं घेतला. मृतांच्या आया आहेत, असं मी त्याला म्हणालो, आणि लेख ठेवला.

पुस्तक काय करत नाही, तेही सांगायला हवं. हा फिलिपिनी भयपटांचा कोश नाही. एरिक मात्तीसारख्या महत्त्वाच्या दिग्दर्शकावर इथं एकच लेख आहे, ‘सेक्लुस्यॉन’पुरता, ‘तिकतिक’मधल्या हिरव्या पडद्यावरच्या करामतींत आमच्या लेखकांना रस वाटला नाही, तो दोष आमच्या आवडीचा. नावं शक्य तितकी तिथल्या उच्चाराप्रमाणे दिली आहेत. शीर्षकांची भाषांतरं जिथं लागतील तिथंच केली, कारण ‘सुकोब’ला मराठीत एक शब्द शोधत आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या आणि अखेर नाद सोडला. लेख कोणत्याही क्रमानं वाचावेत. मात्र ‘इतिम’वरचा आधी वाचला तर पुढचे अनेक संदर्भ आपसूक लागतील.

पाहायचं असेल त्यानं ‘इतिम’ रात्री, एकट्यानं आणि आवाज नीट ऐकू येईल असा पाहावा. शेवटाकडे चारो सांतोस खुर्चीवर बसते तेव्हा तिच्या हातांकडे लक्ष ठेवा. तोंडातून आवाज बदलण्याच्या काही क्षण आधी ते बदलतात.